करडू आणि तळपाय

निफाडचा पारा त्या रात्री पाचावर आला होता.
बागांमध्ये शेकोट्या पेटल्या होत्या,
द्राक्षांच्या घडांना धुराचं पांघरूण.
आणि गोदूबाई गांगुर्ड्यांची कबरी शेळी
पॅकिंग शेडमध्ये व्याली,
क्रेटांच्या थप्प्या आणि रद्दीचे गठ्ठे यांच्यामध्ये,
पांढऱ्या, गुळगुळीत, घसरत्या फरशीवर.

"बाहीर मेली असती पिल्लं, म्हणून आत घेतली.
एक पाठ झाली, ती उड्या मारती.
हे बोकड काही उभं ऱ्हाईना, डॉक्टर."

मी डॉक्टर नाही.
पशुधन पर्यवेक्षक होतो, तेही आता निवृत्त.
पण गावाच्या तोंडात बसलेलं नाव
पेन्शनबरोबर संपत नाही.

तिसरा दिवस.
करडू उठायला जायचं
आणि चार पाय चार वाटांनी पळायचे,
काड्या निसटलेल्या छत्रीसारखे.
आईनं पाठीला चाटून चाटून कोरडं केलं होतं.
हे घसरत घसरत गठ्ठ्यांमागे गेलं,
अर्धंच चाटलं गेलं.
उरलेल्या अर्ध्या अंगाला
आपण कुठं संपतो
हे अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

मग ते झोपलं, आणि झोपेत
एक खूर उडाला. थोड्यानं दुसरा. मग कान.
"झटके येत्यात व्हय?" गोदूबाई घाबरली.
नाही म्हटलं, बाई, ही उजळणी चाललीय.
पाय हलतो आणि वर निरोप जातो:
हा मी, डावीकडचा, मागचा, तुझाच.
वरून उत्तर येतं:
नीट कळलं नाही, पुन्हा हलव.

गोणपाट घेतलं आणि चोळलं,
पाठीवरून, पोटाखालून, मांड्यांच्या आतून,
शेळीची जीभ असते तसं खरखरीत.
वेली बांधायच्या सुतळीवर कापड गुंडाळून
मागचे पाय सैलसर जोडले.
ऊन वर आल्यावर पाटीत घातलं
आणि नेऊन ठेवलं दोन ओळींमधल्या मातीत.

माती म्हणजे काय काय!
ढेकूळ, त्याखाली ओल,
छाटणीची काडी, वाळका पाला,
एक टोचणारा खडा.
खूर टेकला. ढेकूळ फुटलं. पडलं.
पुन्हा टेकला, या वेळी जरा दबकत.
फरशी त्याला एकच शब्द सांगत होती,
तोही निसटता.
इथं मात्र प्रत्येक बोटावर वेगळी बातमी.

हे बघताना मी माझ्या पायांकडे बघत होतो.
दोन वर्षं झाली, साखरेनं तळवे नेले.
नाशकातल्या डॉक्टरीणबाईंनी
डोळे मिटायला सांगून
केसाएवढी तार टेकवली. "इथं लागतं?"
मी अंदाजानं हो म्हणालो.
"काका, मी अजून टेकवलीच नाहीये."
सीबीएसवर एकदा चप्पल निसटली,
एका पायानं अनवाणी स्टँडभर फिरलो,
कंडक्टरनं दाखवली तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी सुतळी सोडली.
पाचव्या दिवशी करडू वाकडंतिकडं चाललं
आणि आपण चाललो याचंच दचकून
आईच्या पोटाखाली शिरलं.
आठव्या दिवशी उपड्या क्रेटवर चढलं,
तिथून उडी. हवेतच अंग वळवलेलं.
हे त्याला कुणी शिकवलं
ते मला पस्तीस वर्षांत नीट सांगता आलेलं नाही.

"पाठ ठेवीन," गोदूबाई म्हणाली,
"ह्याला काय, मोठं झालं की बाजार."
मी काही बोललो नाही.
बाजारापर्यंतही चालतच जावं लागतं.

ती शेडमध्ये गेली, तेव्हा मी चपला काढल्या.
त्याच मातीत उभा राहिलो,
पाय कुठं आहेत ते खाली बघून ठरवत.
करडू आलं. हुंगलं.
त्यानं माझा अंगठा चाटला असावा.
ओला दिसला, म्हणून म्हणतो.